बोटीच्या आदल्या दिवशी निकाह

आखातातल्या बनेद अल-गार वस्तीत हारून पावसकरचं शिलाईचं दुकान होतं. १९६३च्या ईदच्या हंगामासाठी त्यानं हर्णैचा जरीकाम करणारा इद्रीस तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतला. इद्रीसचा हात असा की ईद उलटली तरी गिऱ्हाईक हटेना. हारूनची लेक असमा, तिचा निकाहचा जोडा, म्हणजे नवरीचा पोशाखही, तोच शिवत होता.

निकाह ठरला होता चौदा मार्चला. इद्रीसचा व्हिसा संपत होता आठला.

"आठवडाभर जास्त राहिला तर काय आभाळ कोसळतंय?" हारून बायकोला म्हणाला.

"आधी विचारून तर या," रुकय्या म्हणाली.

चार तारखेला तो परवान्याच्या कचेरीत गेला. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं त्याला चहा पाजला आणि स्पष्टच सांगितलं, "मुदतवाढीचा अर्ज आधी आणायचा असतो. आता वेळ गेली. माणूस तू बोलावलास, त्याला परत पाठवणंही तुझ्याच अंगावर, तिकिटासकट. तो राहिला तर पकडला जाईल, आणि तुला पुढे कुणी मिळणार नाही."

"आणि वेळेवर गेला तर?"

"तर पुढच्या हंगामाला त्याच्याच नावाचा अर्ज आण. हसत शिक्का मारीन."

हारून तोंड पाडून घरी आला. त्यानं सांगितलेलं ऐकून इद्रीस कात्री खाली ठेवत म्हणाला, "जोडा परवापर्यंत होईल, भाई. निकाह मात्र मला बघायला मिळायचा नाही."

"इद्रीसचाचा नसतील तर तो जोडा मी घालायची नाही!" असमा आतून ओरडली.

रुकय्या उठली. "बोटीची तारीख आपल्या हातात नाही. निकाहची आहे ना? बोट शुक्रवारी, आठलाच. गुरुवारी करून टाकू."

"तीन दिवसांत गो?"

"पाहुणे काय मुंबईहून यायचेत? सगळे तर ह्याच गल्लीतले!"

हारून बिचकत नवऱ्या मुलाच्या आईकडे, झुलेखाकडे गेला. ती खो खो हसली. "माझा मजीद तर आजच तयार आहे!"

मग एकच धांदल उडाली. शेजारणी सांदणांसाठी तांदूळ भिजवू लागल्या. कैक वर्षं सुईला हात न लावलेला हारून इद्रीसशेजारी मांडी घालून टाके घालायला बसला. इद्रीसनं त्यातले निम्मे हसत हसत उसवले.

गुरुवारी असमा हिरव्या जरीच्या जोड्यात आली आणि बायका बघतच राहिल्या. गवाह म्हणून हारूननं इद्रीसलाच पुढं बसवलं. सही करताना त्याचे डोळे भरून आले होते.

शुक्रवारी हारून त्याला धक्क्यावर सोडून आला.

नोव्हेंबरात त्यानं अर्ज वेळेत नेला. कारकून शब्दाला जागला. डिसेंबरात इद्रीस बोटीतून उतरू लागला तेव्हा मजीदसोबत असमाही धक्क्यावर होती, भरल्या दिवसांची.

"चाचा," ती लाजत म्हणाली, "यंदा अंगडी-टोपडी शिवायचीत."

"आधी मला बोटीतून नीट उतरू तर दे, पोरी!" म्हणत इद्रीस मोठ्यानं हसला.