पाढ्यांच्या रेकॉर्डवर पारखलेली सुई

काकांनी रेकॉर्ड टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"सुई हिच्यावरून एकदाच जाईल," ते म्हणाले. "एकदा म्हणजे एकदा. नीट नाही आलं, परत लावू, असं चालायचं नाही."

"कबूल," फिरकी म्हणाली.

फिरकी वरच्या मजल्यावर राहायची. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे पोटापाण्यासाठी ती रेकॉर्डच फिरवू लागली, तेव्हा ते बदलायचं कारण उरलं नाही. नाचाच्या हॉलमध्ये दोन टर्नटेबल मांडायची आणि नाचणाऱ्यांच्या पायांना कळू न देता एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं, हे तिचं काम. काका तरुणपणी एका बँडमध्ये ड्रम वाजवत, नंतर मुलांना शिकवत. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हातात काठी धरवेना. तेव्हापासून शिकवणी नातीपुरती उरली होती, आणि तीही तोंडी.

त्या बँडने स्टुडिओत जाऊन एक गाणं वाजवलं होतं. ते बाजारात आलंच नाही. उरली ती ही एक रेकॉर्ड, नुसती ऐकून बघण्यासाठी केलेली: धातूच्या चकतीवर मऊ रोगणाचा थर आणि त्यात कापलेली खाच. अशा थराला सुई दर खेपेला थोडं खरवडते. काकांनी ती जुन्या, जड दांडीच्या प्लेअरवर हौसेने इतकी वाजवली होती की आता गाणं कमी आणि खरखर जास्त ऐकू यायची. मध्यावर काकांचा एकट्याचा तुकडा होता. नातीने विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही कसं वाजवायचात?" आणि दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

फिरकीलाही तो तुकडा हवा होता, आपल्या कार्यक्रमात एका गाण्याखाली घालायला. तिने ते लपवलं नाही.

"घाल की," काका म्हणाले. "आधी तो निघू तर दे."

दुसऱ्या दिवशी ती दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिच्या टर्नटेबलची कार्ट्रिज काढून भिंगाखाली धरली. कार्ट्रिज म्हणजे दांडीच्या टोकाला बसणारी डबी. सुई तिच्यात असते आणि सुईच्या थरथरीची वीज तिच्यात होते.

"ही तुझ्या धंद्याची सुई," तो म्हणाला. "टोक गोल, वजन भरपूर. तू रेकॉर्ड पुढे ढकल, मागे ओढ, ही जागची हलणार नाही. गमबूट आहेत हे. चिखलात उत्तम. पण कुणाच्या गादीवर चढू नकोस."

"मग गादीवर चढायला काय घालू?"

"अनवाणी जा," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि आतून दोन डब्या घेऊन आला. एकीच्या सुईचं टोक लंबगोल होतं. दुसरीचं इतकं बारीक धारेचं होतं की भिंगाशिवाय टोक आहे हेच पटेना.

"यातली कुठली?"

"ते मी इथे बसून कसं सांगू? खाच कुठे झिजली आहे त्यावर ठरतं. दोन्ही ने, लावून बघ."

"लावून बघायलाच तर बंदी आहे."

"मग देव तुझं भलं करो. आणि एक. या बारीक सुईवर रेकॉर्ड उलटी ओढायची नाही. तुझ्या हाताचा काही भरवसा नाही, म्हणून बजावतो."

जिना चढताना फिरकीच्या डोक्यात एक गोष्ट आली. खाच म्हणजे दोन उतरत्या भिंतींमधली अरुंद घळ. गोल टोक त्यात चेंडूसारखं अडकतं आणि भिंतींना एका ठरावीक उंचीवरच टेकतं. काकांच्या जुन्या प्लेअरने रेकॉर्ड झिजवली असेल ती त्याच उंचीवर. बारीक टोक त्याच्याखाली उतरतं. तिथली भिंत अजून कोरी असेल तर आवाज तिथे शाबूत असणार. आणि हे बघायला काकांची मौल्यवान रेकॉर्डच लागते असं नाही. त्याच प्लेअरवर तशीच पिदडलेली कुठलीही चालेल.

तिने काकांचं दार वाजवलं.

"काका, त्या जुन्या प्लेअरवर सगळ्यात जास्त काय वाजलं?"

"पाढे," काका शेजारी बसलेल्या नातीकडे बोट करत तत्काळ म्हणाले. "हिची आई पाढ्यांशिवाय जेवायची नाही. रेकॉर्ड उगाळून संपली, पण बाईसाहेबांना सातचा पाढा आजही येत नाही."

"आईला सांगू?" नातीने विचारलं.

"सांग की. सात साते किती तेही विचार तिला."

तिघं वर गेली. फिरकीने आधी स्वतःची गोल सुई लावली. तव्यावर काहीतरी तडतडत असावं आणि त्यामागे कुणी बाई पाढे म्हणत असाव्यात, असं ऐकू आलं. लंबगोल सुईने बाई जरा जवळ आल्या. मग बारीक धारेची. ओरखड्यांचे टकटक आवाज वाढले, पण तडतड खाली बसली आणि बाई खोलीत येऊन उभ्या राहिल्या. सातच्या पाढ्यानंतर त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा आला.

"या बाई श्वास घ्यायच्या?" काका म्हणाले. "मला वाटायचं यंत्र आहे."

निवड झाली. कार्ट्रिज सोसेल तितकं सुईवरचं वजन फिरकीने कमी केलं आणि गाणं संगणकावर उतरवून घ्यायचं होतं, त्यासाठी आवाजाची पातळीही पाढ्यांवरूनच लावली; ड्रमचा ठोका बाईंपेक्षा मोठा पडणार, म्हणून वर भरपूर जागा ठेवली. रेकॉर्ड हलक्या ब्रशने पुसली. काका खुर्चीत बसले, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून. नात जमिनीवर.

सुई उतरली. गाणं सुरू झालं, खरखरीतून पण स्पष्ट. गिटार, मग गाणारा, मग सगळे थांबले आणि काकांचा तुकडा आला. पहिला ठोका इतका स्वच्छ पडला की फिरकीचा हात पुढे गेला. असा ठोका सापडला की बोटाने रेकॉर्ड धरायची, मागे ओढून त्याच ठोक्यावर आणून ठेवायची, हे ती रोज करत होती. रेकॉर्डच्या कडेला बोट टेकलं. खाली नेहमीची फेल्ट, म्हणजे रेकॉर्ड हाताने सहज सरकावी म्हणून घातलेली निसरडी लोकरी चकती, होतीच. रेकॉर्ड क्षणभर रेंगाळली, ड्रमचा आवाज जाड होऊन खाली गेला, आणि तिने चटका बसल्यासारखं बोट उचललं. पुढचा तुकडा सरळ वाजला. गाणं संपलं. सुई वर आली.

"हात गेला, काका," फिरकी म्हणाली.

काकांनी तिच्या बोटाकडे बघितलं.

"उलटी नाही ओढली. रेकॉर्डला काही झालेलं नाही. तेवढी जागा मी संगणकावर सरळ करून देते, कुणाला कळणारही नाही."

"सरळ केलीस की ती तुझी झाली. मी काय वाजवलं ते कुठे राहिलं?" काका उठले, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि पाकीट काखेत धरलं. "एकदा ठरलं होतं. एकदा झालं. त्यातलं जे आलं ते ऐकव."

फिरकीने ऐकवलं. नात टेबलाच्या कडेवर बोटांनी वाजवू लागली. दुसऱ्यांदा ऐकताना तिला ठेका सापडला, तिसऱ्यांदा तिने आवाज बंद करायला सांगितला आणि एकटीने वाजवून दाखवलं. पहिल्या ठोक्यानंतर ती रेंगाळली, अगदी रेकॉर्ड रेंगाळली होती तेवढीच, आणि मग पुढे पळाली.

"तिथे थांबायचं नाही," काका म्हणाले.

"तुम्ही थांबला आहात."

"मी नाही थांबलो. हिचं बोट थांबलं."

"पण मला असंच येतंय आता." तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा त्याच जागी रेंगाळली.

"सरळ वाजव. मी तोंडाने म्हणतो." काकांनी तोंडाने म्हटलं. नातीने ऐकून घेतलं आणि रेकॉर्डसारखंच वाजवलं.

शिकवण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं. मुलाच्या हातात एकदा चुकीचं बसलं की ते काढायला किती काळ जातो, हे त्यांना रेकॉर्डच्या झिजेपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी काखेतलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"लाव परत."

"काका, तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणालो होतो. जपून ठेवून चुकीचंच शिकवायचं असेल तर काय करायची ती? लाव. आणि ती खालची फेल्ट आधी काढ."

फिरकीने निसरडी फेल्ट काढून तिच्या जागी रबरी चकती घातली. रेकॉर्ड पुन्हा पुसली.

"हात," नात म्हणाली.

"काय हात?"

"मांडीखाली घे. आजोबा मला असंच बसवतात, मी मध्येच वाजवायला लागले की."

फिरकी स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली. काकांनी डाव्या हाताने खटका दाबला. दांडी सावकाश खाली आली. गिटार, मग गाणारा, मग सगळे थांबले. पहिला ठोका पडला, त्यामागून दुसरा, तिसरा, कुठेही न रेंगाळता तुकडा शेवटपर्यंत गेला. खरखर पहिल्यापेक्षा किंचित वाढली होती. ती फिरकीला कळली, काकांनाही कळली असावी. नातीचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तिची बोटं टेबलाच्या कडेपासून थोडी वर हवेत होती, ती अजून टेकवत नव्हती.

गाणं संपल्यावर काकांनी रेकॉर्ड पाकिटात घातली.

"आता वाजव," ते नातीला म्हणाले.