क्रमांक एक सापडला नाही

बाबांना पोचवून परत येताना विनायककाकांनी ई-रिक्षातच खिशातून फोन काढला, चष्मा पुसला आणि बाबांच्या नावापुढचं ‘हयात’ बदलून ‘दिवंगत’ केलं. काका रायपुरातल्या आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या स्नेहमंडळाचे सचिव आहेत. असलं काम लांबवायचं नाही, अशी खुद्द बाबांचीच त्यांना ताकीद होती. त्याच मिनिटाला मंडळाचं ‘पंगत’ हे ॲप तीनशे बारा फोनांवर बंद पडलं.

‘पंगत’ बाबांनी लिहिलं होतं. सिंचन खात्यात चौतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढून ते निवृत्त झाले आणि सहासष्टाव्या वर्षी व्हिडिओ बघून अँड्रॉइड शिकले. रायपूर-भिलाईच्या मराठी घरांतली माणसं, त्यांचे वाढदिवस, कोणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला, सगळं त्यात होतं. रोज सकाळी सहाला ते आजची तिथी सांगायचं. उघडलं की पहिल्याच पडद्यावर बाबांचा फोटो, आणि खाली बटण: ‘काही अडलं तर मला फोन करा.’ लोकांचं सारखं अडायचं. बाबांना ते आवडायचं.

पहिले तीन दिवस कोणी तक्रार केली नाही. उघडलं की मिटतं, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं लावला. “अच्युतभाऊ गेले अन् ॲपनंही प्राण सोडला,” असं म्हणून दोघीतिघी रडल्या. समोरच्या घरातल्या मोनालीला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी येते. तिनं फाटकातूनच विचारलं, “दीदी, ॲप भी सूतक में है क्या?”

चौथ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीत बदलली. माणूस यायचा, फोटोसमोर हात जोडायचा, आईजवळ दोन मिनिटं गप्प बसायचा. मग त्याचा हात हळूच खिशात जायचा. मी पुण्यात एका कंपनीसाठी ॲप लिहिते हे सगळ्यांना ठाऊक होतं. काहींनी घरगुती उपाय आधीच केले होते. एकानं फोन रात्रभर तांदळात ठेवला होता. एकानं घराचा मेन स्विच पाडून पुन्हा चढवला होता. पुरानी बस्तीतल्या एका काकूंनी फोन बाबांच्या फोटोपुढे ठेवला, डोळे मिटले आणि मग उघडून पाहिला. “नाही होऊन राहिलं,” त्या म्हणाल्या, जणू चूक फोटोची होती.

खरी निकड एकट्या कलावतीमावशींना होती. त्या बूढापाऱ्यात राहतात, वय शहात्तर.

“ह्यांचं श्राद्ध याच आठवड्यात आहे, बेटा. एका कॅलेंडरात सोमवार दाखवून राहिले, दुसऱ्यात मंगळवार. तुझे बाबा सांगायचे तेच मी धरायची. आता मी कोणता दिवस धरू?”

“मावशी, मी बघते.”

“बघ, पण लवकर बघ. माणूस उपाशी आला अन् पान नसलं तर?”

मी लॅपटॉप उघडला. विनायककाका म्हणाले, “थांब. सूतकात चालते काय हे?”

शिशिर गुरुजी संध्याकाळचे विधी सांगायला आलेच होते. त्यांनी स्कूटरची चावी बोटाभोवती फिरवत विचार केला. “सूतकात घरचा नळ फुटला तर दुरुस्त करतोच ना? दुरुस्ती चालते. नवीन काही नको.”

“मग जमलंच तर अक्षरं थोडी मोठी करून टाक,” काका मला म्हणाले.

“ते नवीन झालं,” गुरुजी म्हणाले.

“मी माझ्या फोनवर ॲप घालून बघते, काय होतं ते,” मी म्हटलं.

“म्हणजे तुझ्या फोनमध्ये नाही?” काका.

नव्हतं. सकाळी सहाला तिथी वाजायची म्हणून वर्षभरापूर्वी मी ते काढून टाकलं होतं. हे मी सांगितलं नाही. गुरुजींनीच मला सोडवलं. नवीन घालणं म्हणजे नवीनच, तेव्हा ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याचाच फोन घ्यावा.

फोन कलावतीमावशींचा घेतला. तो लॅपटॉपला जोडला तर चार्ज होऊ लागला, बाकी काही नाही. काही वायरी नुसती वीज नेतात, माहिती नेत नाहीत. दिसतात अगदी सारख्या. विनायककाका घरोघर गेले आणि सात वायरी घेऊन आले. सहावी चालली. मग फोनला सांगावं लागतं की या लॅपटॉपला आतलं पाहू दे. त्यासाठी सेटिंगमध्ये एका ओळीवर सात वेळा टिचकी मारायची. मावशींनी स्वतःच मारल्या, मोठ्यानं मोजत. सातव्या टिचकीला फोननं जाहीर केलं की तुम्ही आता डेव्हलपर आहात.

“म्हणजे काय झाले मी?”

“ज्ञानदा करते ते,” आई म्हणाली. गेल्या सहा दिवसांत ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली होती.

“अभिनंदन नका करू कोणी,” गुरुजी घाईनं म्हणाले. “सूतक आहे.”

विनायककाकांनी लगेच आपला फोन काढला. “मले पण सांग, कोणती ओळ?” अंधार पडेपर्यंत आमच्या बैठकीत अकरा डेव्हलपर झाले होते. त्यात सगळ्यात लहान गुरुजी. ते सोडले तर कोणी सत्तरीच्या आत नव्हतं.

मावशींनी ‘पंगत’ उघडलं. ते मिटलं. लॅपटॉपवर लाल ओळींचा ढीग पडला. अशा ढिगाला घाबरायचं नसतं. त्यातली आपल्या माणसानं लिहिलेली पहिली ओळ शोधायची. बाबा चुकांचे निरोप मराठीत लिहीत. ओळ अशी होती: ‘क्रमांक एक सापडला नाही.’

मग मला सगळं आठवलं. पहिल्या पडद्यावर बाबांचा फोटो लावण्यासाठी ॲप हयात माणसांच्या यादीत क्रमांक एक शोधायचं. क्रमांक एक म्हणजे बाबा. ज्या भाषेत ते लिहायचे ती भाषा फार शंकेखोर आहे. ती विचारते, हा माणूस यादीत नसला तर? तिला गप्प करायचं असेल तर नावापुढे दोन उद्गारचिन्हं लिहायची. म्हणजे, आहेच, विचारू नकोस. मग ती मुकाट्यानं ऐकते, आणि माणूस खरंच नसला तर जागच्या जागी बंद पडते.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या शेजारी बसून हीच ओळ दाखवली होती. “बाबा, इथे धोका आहे. एक नंबर सापडला नाही तर काय करायचं ते लिहा.”

“एक नंबर मी आहो. मी कुठं जाऊन राहिलो?”

माझी गाडी होती. मी म्हटलं, बरं, राहू द्या.

हे मी बैठकीत सांगितलं, शेवटचं वाक्य वगळून. मग विनायककाकांचा चेहरा उजळला. “म्हणजे अच्युतला पुन्हा हयात केलं तर चालू होईल?”

“होईल. पण ती दुरुस्ती नाही, काका.”

“नवीन तर नाही ना? आधी होताच तो हयात.”

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. “शास्त्रात याला मनाई दिसत नाही,” ते सावकाश म्हणाले. “असा प्रसंग आलेलाच दिसत नाही.”

सचिवांची यादी ॲपबाहेर, एका वेबपानावर होती. काकांनी तिथलं बटण दाबलं. बाबा हयात झाले.

मावशींच्या हातात ‘पंगत’ उघडलं. बाबांचा फोटो आला, पांढऱ्या सदऱ्यातला, किंचित वैतागलेला. खाली मावशींकडच्या श्राद्धाची तिथी: मंगळवार. पण कोणी हयात यादीत आलं की ॲप सर्वांना निरोप धाडायचं, हे आम्ही विसरलो होतो. तीनशे बारा फोन वाजले. ‘आपल्या पंगतीत आज नवीन पान मांडलं आहे. अच्युतराव यांचं मनःपूर्वक स्वागत!’

पहिला फोन भिलाईहून आला. आईनं उचलला. “नाही हो,” ती म्हणाली, “तसं काही नाही. कंप्युटरातलं आहे.” पुढचे वीसेक फोन विनायककाकांनी घेतले. एकानं त्यांना विचारलं की मग तेराव्याला यायचं की नाही. दुसऱ्यानं नुसतंच “वा!” म्हटलं आणि ठेवून दिला. मोनाली धावत आली, “आंटी, अंकल...” एवढं म्हणून फोटोला घातलेला हार पाहून परत गेली.

तेवढ्यात फोटोशेजारचा बाबांचा फोन वाजू लागला. आई तो रोज चार्ज करून ठेवायची. का ते मी विचारलं नव्हतं. सगळे त्या फोनकडे बघत राहिले. मी मागे वळून पाहिलं. कलावतीमावशींनी सवयीनं खालचं बटण दाबलं होतं आणि फोन कानाला लावून बसल्या होत्या.

आई उठली. तिनं फोन उचलला. “हॅलो.”

“पद्मिनी काय?” मावशी चार हातांवरून म्हणाल्या. “तिथी दिसली हो. मंगळवार आहे.”

“बरं झालं.”

“मग ठेवू?”

“जेवून जा,” आई फोनमध्येच म्हणाली. मग दोघींनी फोन ठेवले.

मावशींचं काम झालं होतं. बाकीचेही उठू लागले. विनायककाका चपला घालताना म्हणाले, “राहू दे ना असंच, बेटा. चालून तर राहिलं. कोणाचं काय बिघडते?”

कोणाचं काहीच बिघडत नव्हतं. पुढच्या श्रावणात ॲप तीनशे बारा जणांना बाबांच्या वाढदिवसाची आठवण करील, आणि त्यांच्या श्राद्धाची आईला कधीच करणार नाही. त्याच्यासाठी ते गेलेलेच नसतील. हे मला चालणार आहे का, एवढाच प्रश्न होता. आणि मला मोह होत होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती ओळ उघडली. दोन उद्गारचिन्हं खोडायला फार तर एक सेकंद लागतो. अडचण पुढे होती. क्रमांक एक नसेल तर कोण, हे लिहावं लागतं.

“तूच आहेस की,” विनायककाका म्हणाले.

“मी पुण्यात असते, काका.”

“फोन कुठूनही उचलता येतो.”

“माझं नाव लिही,” आई म्हणाली. ती दाराशी लसूण सोलत बसली होती. “नंबर ह्यांचाच राहू दे. तसाही मीच उचलते.”

“वहिनी, तुम्हाले ॲपातलं काय समजते?”

“ह्यांना तरी काय समजायचं, भाऊजी? लोक फोन करायचे, हे म्हणायचे बंद करून चालू करा. नव्वद टक्के त्यानंच व्हायचं.”

गुरुजींना फोन लावला. नंबर जुनाच आहे, सबब दुरुस्ती, असा निर्णय आला. मी सांगितलं की स्टोअरवर पाठवताना आवृत्तीला नवीन क्रमांक द्यावाच लागतो. ते अडखळले. “क्रमांक तू देतेस की मशीन देते?”

“मशीनलाही देता येतो.”

“मग मशीनला देऊ दे. मशीनला सूतक नाही.”

नवीन आवृत्ती स्टोअरवर यायला दोन दिवस लागले. पण ती जोवर प्रत्येकाच्या फोनवर पोचत नाही तोवर बाबांना दिवंगत करता येत नव्हतं. केलं असतं तर जुनी आवृत्ती असलेला प्रत्येक फोन पुन्हा बंद पडला असता. विनायककाकांनी हे काम पोलिओच्या डोससारखं हाती घेतलं. ते स्कूटरवर ब्राह्मणपारा, बूढापारा, पुरानी बस्ती पालथी घालू लागले. दारात उभे राहून म्हणायचे, “अपडेट केलं काय? लवकर करा, अच्युत खोळंबून राहिला आहे.” कलावतीमावशी डेव्हलपर या नात्यानं त्यांच्या मागे बसून जायच्या आणि ज्यांचं होत नाही त्यांचे फोन हिसकावून घ्यायच्या. कोणाकडे कोणती आवृत्ती आहे ते दाखवणारं एक पान बाबांनी करून ठेवलं होतं. मी आकडा बघत बसायची. एकशे चाळीस. दोनशे सहा. दोनशे नव्याण्णव.

तेराव्या दिवशी सकाळी तीनशे अकरा झाले. एक उरला.

“कोण आहे तो हरामखोर?” काकांनी विचारलं. पानं वाढली जात होती. त्यांना रात्रीपासून झोप नव्हती.

मी यादी उघडली. उरलेला फोन बाबांचा होता. आपोआप अपडेट होणं त्यांनी बंद करून ठेवलं होतं. न विचारता काही बदललेलं त्यांना खपायचं नाही.

मी फोन हातात घेतला. अपडेटचं हिरवं बटण समोर होतं.

“काय करून राहिली?” आईनं विचारलं.

“हा एकच राहिला. नाही केला तर यात ते बंद पडेल.”

“यात मला ॲप कशाला पाहिजे? मला तर नुसते फोनच घ्यायचे.” तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पदराला पुसला. “बाकीच्यांचं चालू राहील ना?”

“राहील.”

“मग हा राहू दे असाच, अन् ह्यांचं नाव बदल.”

विनायककाकांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. “या वेळी तू दाब. माझ्यानं नाही होत.”

मी बाबांच्या नावापुढचं ‘हयात’ बदलून ‘दिवंगत’ केलं. मग काकांच्या फोनवर ‘पंगत’ उघडलं. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग आजची तिथी आली, तिच्याखाली आईचं नाव आणि बटण. मी थोडी वाट पाहिली. ते मिटलं नाही. बैठकीत सगळ्यांनी आपापले फोन काढून पाहिले, आणि मान हलवून परत ठेवले.

आईनं बाबांच्या फोनवर ‘पंगत’ला बोट लावलं. ते उघडलं आणि मिटलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा मिटलं.

“असंच करायचे हे,” ती म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही.

तिच्या हातात फोन वाजू लागला. तिनं तो कानाला लावला आणि थोडा वेळ ऐकून घेतलं.

“आधी बंद करून चालू करा,” ती म्हणाली. “हव. नाही झालं तर घरी या. येताना वायर आणा.”