नाव घेतलं आशाबाईनं

“म्हंजे निंदणाऱ्या बायाच पऱ्हाटी उपटून राहिल्या म्हना की!” आशाबाई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. मायक्रोग्लिया, असं नाव त्यांनी सांगितलं होतं. मेंदूतल्या राखणदार पेशी. लेकराचा मेंदू घडताना त्या जास्तीच्या जोडण्या खुडतात, मग जन्मभर कचरा वेचत राहतात. पण स्मृतिभ्रंशात त्या बिथरतात आणि धडधाकट जोडण्याही खाऊ लागतात, असं आता दिसू लागलंय.

“बरोबर समजलात, मावशी.”

“मंग थांबवा न त्याईले.”

“तसं औषध अजून हाती नाही.”

भातकुलीच्या रानात हयात निंदणात गेलेली बाई ती. पऱ्हाटीला, कपाशीच्या झाडाला, धक्का न लावता तण काढणारा तिचा हात. शेजारी नवरा शर्टाचं बटण फिरवत बसला होता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालली आहे.

दोघांची लेक सीमा दवाखान्याच्याच गावात, अकोल्यात, जुन्या शहरात राहायची. तिच्याकडे जाताना बाजारात आशाबाईची चप्पल निसटली. ती वाकली, धरलेला नवऱ्याचा हात सुटला. मान वर करते तो माणूस नाही.

“अवो! सीमाचे बाबा! अवो!”

आपल्याला लेक आहे हेच जो विसरला, तो या हाकेला ओ कशी देणार?

बांगड्यांच्या हातगाडीवरचा नबी धावत आला. “मावशी, अवो-अवोनं अख्खा बाजार पलटते! नाव घेऊन हाक मारा न. नाव काय त्याईचं?”

आशाबाईनं नवऱ्याचं नाव कधी उघडं घेतलं नव्हतं. मांडवात घेतलं, तेही उखाण्यात गुंडाळून. पुढं राशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीनंच सांगितलं. तिनं दोनदा तोंड उघडलं. नुसतं नाव काही येईना.

आणि मग भर बाजारात, रडत, ती तो उखाणाच मोठ्यानं म्हणू लागली,

“काळ्या रानात पांढरं बोंड हासते,
पुंजारामरावाचं नाव माह्या काळजात नांदते!”

दोन पोरी फिसकन हसल्या.

“चूप बसा वं!” नबी खेकसला.

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा. म्हणता म्हणता बोंड गळालं, रान गळालं, राव गळाला.

“पुंजाराम! पुंजाराम!”

भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवरून तो उठला. तिचाच माणूस. सावकाश तिच्यापाशी आला, परक्या बाईला विचारावं तशा मायेनं म्हणाला,

“कोनाले पाहून राहिली वं माय?”

“पुंजारामले.”

“मीबी त्यालेच पाहून राहिलो.” त्याचा आवाज खाली आला. “कुठं गेला कोन जाने. तुले दिसला त सांगजो.”

आशाबाईनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. त्याचा हात घट्ट धरला.

“चाला,” ती म्हणाली. “दोघंबी पाहू.”