कुंकू लावलेला करार

माझा जन्म एका नवसातून झाला, असं सांगितलं तर वकील लोक हसतील. पण खरं तेच आहे. मी वडवणीतल्या धनश्रीताईंच्या फोटो स्टुडिओतला करार बोलतोय. लग्नाच्या शूटिंगला जाणाऱ्या सगळ्यांच्या सह्या माझ्यावर आहेत. कॅमेरेवाल्याची, ड्रोन उडवणाऱ्याची, अगदी लाइटचा स्टँड उचलणाऱ्याचीसुद्धा.

झालं होतं असं. स्टुडिओतल्या सुरजनं एका नवरीचा हळदीचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. नवरी ओल्या साडीत खळखळून हसत होती. फोटो झकास आला म्हणून ठेवला, मनात वाईट काही नव्हतं. पण दुपारपर्यंत तो नवरदेवाच्या गावात फिरला. "पोरीला लाजलज्जा न्हाई का?" अशी कुजबुज सुरू झाली आणि वराकडची माणसं मांडवातून उठायला लागली. धनश्रीताईंनी उभ्या जागेवरून नवगण राजुरीच्या गणपतीला हात जोडले. "देवा, या लेकीचं लग्न लागू दे. इथून पुढं माझ्या स्टुडिओतून विचारल्याबिगर फोटो बाहेर जाणार न्हाई, आन् कुणाच्या घरातली गोष्टबी जाणार न्हाई."

लग्न लागलं. ताईंनी तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडून मला बाँडवर लिहून घेतलं. घरी नेऊन देवापुढे ठेवलं. कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि मगच सगळ्यांना सह्या करायला बसवलं.

सुरज म्हणाला, "ताई, हा करार हाय का सत्यनारायण?"

"गप सही कर. तुझ्याच पायी जन्माला आलाय त्यो."

सगळ्यांत मनापासून सही केली ती केशरबाईनं. केशरबाई नवरीला साडी नेसवते, पिना लावते आणि फोटोच्या वेळी नवरीच्या तोंडावर उजेड पाडणारी चंदेरी चकती धरून उभी राहते. ज्या खोलीत गड्यांना जाता येत नाही, तिथे तीच जाते. कोणाचे दागिने उसने आणलेत, कोण कोपऱ्यात रडतंय, तिला सगळं दिसतं, आणि ते तिच्या पोटातून बाहेर येत नाही. श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी. घेतलेलं व्रत तिनं कधी अर्ध्यावर टाकलं नाही. सही करण्याआधी तिनं मला हात जोडले. "देवापुढं बसून सही केली म्हंजी वसाच झाला की ताई," ती म्हणाली.

माझं नाव हळूहळू पाटोद्यापर्यंत गेलं. धनश्रीताईंकडं आपल्या लेकीबाळींचे फोटो सुरक्षित राहतात, असं लोक म्हणायचे. मागेल त्याला दाखवता यावं म्हणून ताईंनी मला प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलं. त्याच बॅगेच्या पुढच्या कप्प्यात केशरबाईच्या पिना असायच्या. ती बॅग घेऊन आत गेली की मीही आत जायचो.

मग एक दिवस अर्जुनराव आले. पांढरे कपडे, दारात मोठी गाडी. "पालीच्या बाजूला शेतात कार्यक्रम हाय. घरच्या घरी. तुमच्याकडं तोंड बंद ठेवायचा कागद असतो म्हणं?"

ताईंनी अभिमानानं मला पुढे ठेवलं. अर्जुनरावांनी मला नीट वाचलं, कुंकवाच्या डागाकडे बघून हसले आणि म्हणाले, "झ्याक. आमाला हेच पायजे होतं." इतकं लक्ष देऊन मला आधी कोणी वाचलं नव्हतं. मला बरं वाटलं. कोणत्या कामासाठी वाचतायत, ते मला कळलं नाही.

हळद शेतातल्या बंगल्यात होती आणि लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. रस्त्यावर कमान नव्हती, भोंगा नव्हता, पाहुणेही मोजकेच. केशरबाई मला घेऊन आतल्या खोलीत गेली. नवरी म्हणजे अर्जुनरावांची पुतणी, ऋतुजा. साडी नेसवताना निऱ्यांवर निऱ्या झाल्या तरी पदर उरतच होता. परकर कमरेवर ठरेना.

"मावशी," ऋतुजानं हळूच विचारलं, "हळद हाताला किती दिवस राहती?"

"कावून ग?"

"सोमवारी पेपर हाय विज्ञानाचा. मॅडमनी हात बघितले तर?"

"कितवीला हायस?"

"नववीला."

केशरबाईच्या बोटात पिन घुसली. तिनं बोट तोंडात घातलं, मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "तुला इचारलं का कुणी, लगीन करायचं का म्हणून?"

"एकदा इचारलं. मी न्हाई म्हणलं. मग परत कुणी इचारलंच न्हाई."

केशरबाई बाहेर आली ती सरळ अर्जुनरावांपुढे उभी राहिली. "भाऊसाहेब, पोरगी लई लहान हाय."

अर्जुनराव चिडले नाहीत. थंडपणे म्हणाले, "मावशी, देवापुढं सही केलीया न्हवं तुमी? कुंकू लावून? मग साडीकडं बघायचं."

केशरबाई मागं फिरली. तिनं खाली मान घालून चकती उचलली आणि त्या लेकराच्या तोंडावर उजेड पाडत उभी राहिली. तिचं तोंड अर्जुनरावांनी नाही बांधलं. मी बांधलं.

हळद उरकून दुपारी सगळे स्टुडिओत परतले. केशरबाईनं मला बॅगेतून काढलं, टेबलावर ठेवलं आणि जेवणाचा डबा न उघडताच बसून राहिली.

"ताई, तुमी काय बघितलं?"

धनश्रीताई मेमरी कार्ड काढत होत्या. त्यांचा हात थांबला. "मलाबी दिसलं केशरबाई. कॅमेऱ्यातनं तर जास्तच दिसतं. पर माझा नवस हाय. आन् एकदा आपणच बोललो तर उद्या कोण ठेवंल भरवसा?"

सुरज म्हणाला, "ताई, असल्या लग्नात फोटोवाल्यालाबी धरत्यात बरं का."

"तुला धरतील म्हणून बोलू का मी?" केशरबाई एकदम उसळली. "ती पोर पेपरचं इचारती मला, आन् तू तुझंच बघ."

सुरज खाली बघायला लागला. मग केशरबाई सावकाश, स्वतःलाच समजावल्यासारखी बोलू लागली.

"ताई, मी इतके उपास केले. पर घरात कुणाला उपाशी ठिवलं न्हाई. नातू तापानं फणफणला तवा एकादशीच्या दिवशी त्याला मऊ भात करून भरवला. उपास माझा होता, त्याचा न्हवता. आता बी तसंच हाय. सही मी केलीया, आन् भोगायचं तिनं? असला कुठला वसा?"

ताईंनी आपला मोबाइल उचलला, लेकरांच्या मदतीचा १०९८ नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून केशरबाईपुढे सरकवला.

पलीकडून एक बाई बोलत होत्या. "मावशी, घाबरू नका. तुमचं नाव गुप्त राहील."

"राहू द्या न्हाईतर नका राहू. आधी पत्ता लिहून घ्या," केशरबाई म्हणाली. पत्ता सांगताना ती कुठे अडली नाही.

दिवस मावळायच्या आत सरकारी माणसं आणि पोलीस त्या बंगल्यावर पोचले. लग्न थांबलं. कायद्यानं वय होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं ऋतुजाच्या वडिलांनी लिहून दिलं. सोमवारी ती पेपरला बसली.

अर्जुनराव मात्र स्टुडिओत आले. माझ्यावर बोट आपटून म्हणाले, "करार मोडला तुमी. कोर्टात खेचीन."

धनश्रीताई म्हणाल्या, "खेचा की भाऊसाहेब. करार फोटो आन् घरातलं झाकायचा होता. पोरगी लपवायचा न्हवता. तिथंच वाचू मोठ्यानं."

ते परत आले नाहीत. त्यांच्या भावकीतली कामंही आली नाहीत. नवस मोडल्याची रुखरुख ताईंना काही दिवस होती. मग एका चतुर्थीला त्या राजुरीला जाऊन आल्या आणि आल्या आल्या त्यांनी पेन घेतलं. माझ्या तळाशी, टाइप केलेल्या ओळींच्या खाली, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "कोणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल, तर हा करार कोणाचंही तोंड बांधत नाही." त्याखाली सगळ्यांनी पुन्हा सह्या केल्या. या वेळी सुरजनं थट्टा केली नाही.

आता माझ्या घड्या झिजल्यात, प्लॅस्टिक पिवळं पडलंय. पण काम चालू आहे. नवरीचे फोटो आजही विचारल्याशिवाय कुठे जात नाहीत, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. दुसऱ्याच्या घरातलं झाकून ठेवणं हे पुण्याचंच काम आहे.

तेव्हा बाई, दादा, तुमच्यापुढेही कोणी माझ्यासारखा कागद ठेवला तर खुशाल सही करा. फक्त त्याआधी ती शेवटची ओळ मागून घ्या. छापलेली नसेल तर पेनानं लिहा. लिहू दिली नाही, तर मनात धरा. आणि कधी एखादं लेकरू असं हळूच काही विचारील, तेव्हा केशरबाईनं केलं तसंच करा. आधी पत्ता सांगा.