बोरवंडीचं कडवं

नोंद क्र. १. डफ. शाहीर भीमा बोरवंडीकर यांचा. कातडं दोनदा बदललेलं. स्थिती: चांगली.

नोंद क्र. ४८. चष्मा. एक काडी दोऱ्यानं बांधलेली. स्थिती: मालकासारखीच, वाकडी पण शाबूत.

(हे शेवटचं संग्रहालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या विशाखानं शाईनं लिहिलं आणि मग तिला आठवलं, की या वहीत खाडाखोड चालत नाही. म्हणून ते तसंच राहिलं.)

वहीचा कायदा असा. संग्रहालयात आलेल्या वस्तूला एकदा नंबर पडला की पडला. पान फाडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. वस्तू काढायचीच झाली, तर त्याच नोंदीखाली कारण लिहायचं आणि सही करायची. पहिल्या पानावर हा कायदा सचिव वैजनाथ सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला होता.

नोंद क्र. २१५.

इथं मात्र थांबावं लागेल, कारण सगळा घोळ हिच्यामुळंच झाला.

शाहिरांचं 'वाटेचं गाणं' नांदेड-लातुरात कुणाला ठाऊक नाही? चार कडवी त्यांची. पाचवं त्यांनी जन्मात लिहिलं नाही. ज्या गावात जलसा, त्या गावानं ते रचायचं. आपलं दुखणं, आपल्या तोंडानं. तेवढ्यापुरते शाहीर डफ खाली ठेवून ऐकत बसायचे. विशाखा दोन वर्षं रेणापूर, मुरुड, निलंगा पालथं घालून ही मोकळी कडवी भरून घेत हिंडली. आता भिंतीवर गावागणिक एक बटण होतं. दाबलं की गाव गायचं.

शेवटचं बटण, हीच ती दोनशे पंधरा, शाहिरांच्या बोरवंडीचं, शिरूर अनंतपाळ तालुका. ते कडवं शाहिरांच्या धाकट्या बहिणीचं. सरजाबाई, जन्मभर भावामागं झील धरणारी. रचलं कधी? शाहीर गेले त्या दिवशी, चैताच्या उन्हात, तिरडी बांधावर खोळंबलेली असताना. मसणवाट बालाजीरावांच्या रानातून जाते. तिथं त्यांनी कुंपणाची तार ओढली होती.

बालाजीरावानं वढली तार,
उन्हात खांदेकरी उभे चार,
गाणारा निजला, कलली दुपार,
सांग गं बोरवंडी, कुणाचं शिवार?

आणि आज उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे कोण? बालाजीराव. नांदेड रोडवरची ही जागा त्यांनीच दिलेली. "लातुरात अख्खा प्लॉट दिला बाबानं," सरजाबाई म्हणायची, "अन् बोरवंडीत हातभर वाट देईना."

तासाभरावर कार्यक्रम आला, तेव्हा वैजनाथ सर घाम पुसत विशाखाच्या टेबलाशी आले.

"मॅडम, ते दोनशे पंधरा काढून टाका."

"काढते सर. कारण लिहा." तिनं वही पुढं सरकवली.

"तांत्रिक बिघाड, लिहा तुम्हीच."

विशाखा उठली आणि तिनं बटण दाबलं. आवाज खणखणीत. खुर्च्या मांडणारे दोघं हातातल्या खुर्च्या तशाच धरून ऐकत राहिले.

"बिघाड नाही सर."

"मग जागेअभावी."

"मिनिटभराचं कडवं, सर. ते कुणाची जागा अडवतंय?"

सरजाबाई नुकतीच शिरूरच्या यष्टीतून उतरून आली होती आणि पहिल्याच रांगेत पाय वर घेऊन बसली होती. "लिव की वैजनाथा," ती म्हणाली, "भ्याव वाटायलंय म्हणून लिव. लाजतू कशाला?"

"आत्या, तुम्ही मधी पडू नका. शाहीर दादांचं स्मारक व्हावं म्हणून चार वर्षं चपला झिजवल्यात मी. आज बालाजीराव निघून गेले तर कुलूप लागंल इथं."

हे खोटं नव्हतं. विशाखानं त्या झिजलेल्या चपला पाहिल्या होत्या.

"झिजवल्यास, हाव," सरजाबाई म्हणाली. "पर त्या चारांत एक खांदा तुझा हुता. तू तुझंच कडवं काढायलास."

सरांनी वही ओढली. पेन घेतलं, भराभर लिहिलं: 'प्रमुख पाहुण्यांचे नाव येते म्हणून काढले.' सही केली. नोंदवही कोण वाचतंय, असा त्यांचा हिशेब.

विशाखानं हुकूम पाळला. बोरवंडीचं बटण काढलं, भिंतीला भोक राहिलं. मग त्या भोकाखालच्या काचेच्या पेटीतलं मानपत्र बाजूला केलं आणि त्याच्या जागी नोंदवही ठेवली, तेच पान उघडं करून.

"हे काय करायलात?"

"वस्तू काढली, सर. तिचं कारण मांडलं."

"तुमचं कंत्राट मार्चपर्यंतच आहे, मॅडम."

"मार्चपर्यंत तर आहे ना."

बाहेर गाड्यांची दारं वाजली. सर हार घ्यायला धावले.

फीत. टाळ्या. डफ पाहिला, चष्मा पाहिला. मागं बोरवंडीचा टेम्पो भरून आलेली माणसं. बालाजीराव भिंतीपाशी आले, वाकले, वाचू लागले. माणूस स्तुतीत मुरलेला. वाचता वाचता त्यांचा चेहरा फुलला.

"अहो वैजनाथराव! शाहिरांच्या गाण्यात आमचं नाव? अन् तुम्ही काढलं? एवढा संकोच बरा न्हाई. ऐकू द्या की लोकाला."

वैजनाथ सरांच्या हातातला हार वाकडा झाला.

"आईकता?" सरजाबाई उभी राहिली. तिनं पदर खोचला. माईक कुणी दिला नाही, तिनं मागितलाही नाही.

पहिल्या ओळीला बालाजीराव हसत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी स्वीय सहायकाकडं पाहिलं. तिसरी ओळ बोरवंडीच्या बायांनी उचलली, आणि चौथी सगळ्या दालनानं, दोनदा.

"हे... हे कुणी शिकवलं हिला?"

"तुमच्या तारंनं," सरजाबाई म्हणाली.

बालाजीराव वळले. दारापर्यंत माणसंच माणसं. क्षणभर कुणी हललं नाही. मग सरजाबाईनं हात केला, तशी गर्दी दोन्हीकडं सरकली. बैलगाडी निघून जाईल एवढी ऐसपैस जागा झाली.

"जावा बाबा," ती म्हणाली. "आमी न्हाई तार वढत."

गाड्या गेल्या. कुलपाचं काय होणार, पाटीचं काय होणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात निलंग्याकडची एक गाणारी, शरणम्मा, 'आमच्या गावचं कडवं बदललंय' म्हणत पुढं आली होती आणि तिला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं.

वैजनाथ सर पेटीपाशी आले. काच त्यांनीच उघडली. उभ्या उभ्या लिहिलं:

'नोंद क्र. २१५. परत ठेवले. कारण: खरे आहे. खांदा माझाही होता.'

"सही राहिली, सर," विशाखा म्हणाली.

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. वडलांचं, आडनाव, गाव. मग पेन तिच्याकडं दिलं आणि भिंतीच्या भोकात बटण बसवायला स्क्रू-ड्रायव्हर मागितला.