उद्घाटनाआधीची खोली

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली, तेव्हा यवतजवळच्या त्या दवाखान्यात माणसं होती तीन: डॉक्टर, दौंडची नर्स खुर्शिद आणि जखमा बांधणारा ड्रेसर सावळाराम. त्यात डॉक्टरच तापाने आडवे झाले. खुर्शिदने त्यांची खाट मागच्या खिडकीशी लावली. ते आतून सांगत, ती बाहेर करी. तापकरी शाळेत हलवले, तोंडाला बांधायची फडकी उकळायला हंडा चढवला, टाके घालायचं काम सावळारामवर सोपवलं. शाळाही रोग्यांनी भरली तशी माणसं पुन्हा दवाखान्याच्या ओसरीवर आली. सगळं रोज बदलत होतं, बदलत नव्हतं ते फक्त नव्या खोलीचं कुलूप.

सोसायटीचे चेअरमन बबनराव, गावाचे आप्पा, यांनी ती खोली वडिलांच्या नावाने बांधून दिली होती, खास बाळंतिणींसाठी. चुना वाळून चार महिने झाले, आत खाटाही आल्या. पण मंत्री येऊन पाटीवरचा पडदा सारणार, मगच ती उघडणार. आणि मंत्र्यांना सवड कुठली! गेल्या आठवड्यात कस्तुराबाई ओसरीवर, खोकणाऱ्यांच्या शेजारी बाळंत झाली. धडधाकट बाई, पण ताप चढला आणि काल गेली. कुलूप तिच्या उशापासून दोन हातांवर होतं.

आज सारजाबाई कळा देत बैलगाडीतून उतरली. तिलाही तिथंच निजवायचं म्हटल्यावर खुर्शिदच्या मस्तकात तिडीक गेली.

"सावळाराम, पहार आण."

"बाई, आप्पा नोकरी घालवत्याल."

"माझी घालवत्याल. तू आण."

कुलूप तुटलं. तासाभरात मुलगी झाली. फडकी सगळी हंड्यात. कोरडं, स्वच्छ कापड म्हणून एकच सापडलं, खाटेवर कागदात गुंडाळलेलं.

दुपार कलताना बबनराव तणतणत आले. "उद्घाटनाआधी खोली उघडली कुणी? आन् मखमलीचा पडदा कुठं हाय?"

"मी उघडली. आधी तोंडाला फडकं बांधा, आप्पा."

फडकं हातातच धरून ते उंबऱ्याशी थबकले. सारजाबाईच्या कुशीत लाल मखमलीत मूल झोपलं होतं.

"ह्यो तुमचा पडदा. पायजे तर घ्या सोडवून."

बबनरावांनी हातातलं फडकं तोंडाला बांधलं.

"काल कस्तुराबाईला झाकाया आमच्याकडं धड कापड न्हवतं," खुर्शिद म्हणाली. "तवा ह्यो आत कागदात व्हता."