सोमवारची पोटदुखी

मी वजनकाटा बोलतोय. शाळेच्या जिन्याखाली नर्सबाईंची खोली आहे, तिथला. कारखान्यातून आलो तेव्हा माझी काच लख्ख होती. आता ती खरचटली आहे. मोठी माणसं माझ्यावर चढली की पोट आत घेतात. त्यानं त्यांना काय मिळतं, मला आजवर कळलेलं नाही.

नर्सबाईंची एक खोड होती. गुडघा फुटलेलं पोर येवो नाहीतर दात दुखणारं, त्या आधी त्याला बूट-मोजे काढून माझ्यावर उभं करायच्या. शिक्षक हसायचे. पण काट्याकडे बघता बघता पोरांची जीभ सैल सुटते, हे बाईंना ठाऊक होतं.

तिसरीत एक मुलगी होती. पेन्सिली कुरतडायची म्हणून बाई तिला खारूताई म्हणायच्या. त्या वर्षी दर सोमवारी तिचं पोट दुखायला लागलं. दोन महिन्यांत वजन दीड किलोनं उतरलं. मग एका सोमवारी ती उभी राहिली, तर सगळा भार डाव्या पायावर. उजवा नुसता टेकवलेला. बाई खाली वाकल्या. पोटरीवर पट्ट्याचे वळ होते.

इथे बाई चुकल्या. त्यांनी तिच्या वडिलांना बोलावलं आणि तिच्यासमोरच वळांबद्दल विचारलं. सायकलवरून पडली, असं ते हसून म्हणाले, वर बाईंचे आभारही मानले. खारूताईनं मुकाट्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्याही नाही. बाईंचा डबा तसाच परत जायचा. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग आला होता.

चौथ्या दिवशी ती आली. बाईंनी तिला माझ्यावर चढवलं नाही. त्या स्वतःच फरशीवर फतकल मारून बसल्या.

"मी बाबांसमोर विचारलं, ते चुकलं माझं."

ती म्हणाली, "तुम्ही परत त्यांना सांगाल."

"त्यांना नाही. पण कोणालाच सांगणार नाही, असं कबूल करत नाही. मुलांना सांभाळणारी माणसं असतात, त्यांना सांगेन. आणि ती येईपर्यंत तुला घरी पाठवणार नाही."

मग ती बोलली. बाईंनी मध्ये एक शब्द घातला नाही. तिचे शब्द तसेच्या तसे उतरवले आणि फोन उचलला. दुपारी बालसंरक्षण कार्यालयातल्या दोघीजणी आल्या. त्यांनी तिच्या आजीला बोलावून घेतलं. शाळा सुटली तेव्हा खारूताई आजीचा हात धरून आजीच्या घरी गेली.

आता खोलीत आकडे चमकणारा नवा काटा आलाय आणि मी कपाटामागे उभा आहे. मला ठेवून घ्या, असं म्हणत नाही. फक्त पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला नाटकी म्हणून लगेच वर्गात धाडू नका. दोन मिनिटं बसवा. मीही खारूताईला पहिले चार सोमवार नाटकीच समजत होतो. त्या चारही सोमवारी ती त्याच घरी परत गेली.